रात्रीच्या प्रार्थनेतील पापकबुली : संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे जीवन आणि शिकवण



दरवर्षी २४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करते. आपल्या वऱ्हाडातील भाविकांना हे नाव परके नाही. आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेल्या आनेसी नगरात फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली या संतांच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापन केला. १८४५ साली त्या संघाचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले आणि पुढे मध्य भारतात त्यांचे कार्य रुजले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली. ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा होऊन आपला अमरावती धर्मप्रांत अस्तित्वात आला. त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हे याच संघाचे होते. अशा रीतीने सोळाव्या शतकात सव्हॉयच्या डोंगराळ प्रदेशात जन्मलेल्या एका संताचे नाव अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत येऊन पोहोचले.

नाव परिचयाचे असले, तरी त्यांची शिकवण आपल्या घरात कितपत पोहोचली आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्यातही एका विषयावर त्यांनी जे शिकविले ते आजच्या वऱ्हाडात फार मोलाचे आहे. तो विषय म्हणजे, आपण एकांतात प्रार्थनेला बसतो तेव्हा आपली पापे देवापुढे कशी मांडावीत? आपल्यापैकी अनेकजण रात्री जपमाळेनंतर क्षमायाचनेची प्रार्थना तोंडपाठ म्हणतात आणि झोपी जातात. दिवसभरात नेमके काय चुकले, याकडे मन वळतच नाही. याउलट काहीजण स्वतःला इतके दोष देत राहतात की, प्रार्थना संपली तरी मनाला शांती लाभत नाही. या दोन टोकांमधील वाट संत फ्रान्सिस यांनी दाखविली. ती त्यांना केवळ ग्रंथांतून सापडलेली नव्हती, तर तरुणपणीच्या एका भीषण अनुभवातून गवसली होती.

बालपण आणि शिक्षण

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉयमधील थोराँ येथे एका सरदार घराण्यात झाला. ते थोरले चिरंजीव होते. मुलाने कायद्याचा अभ्यास करून मानाचे पद भूषवावे, घराण्याचे नाव राखावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी फ्रान्सिस यांना पॅरिसला पाठविले. तेथे जेज्विट धर्मगुरूंच्या क्लेर्मों महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. सरदारपुत्राला शोभतील अशा सर्व विद्या ते शिकत होते. मनाचा ओढा मात्र ईशज्ञानाकडे होता.

त्या काळी युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगलेला होता. कोणाचे तारण व्हावे आणि कोणाचा नाश व्हावा, हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे काय, या प्रश्नावर विद्यापीठांत कडाक्याचे वाद चालत. या वादांनी तरुण फ्रान्सिस यांच्या मनाचा ठाव घेतला. १५८६ च्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना वाटू लागले की, आपण नाश पावणाऱ्यांपैकीच आहोत. आपण कितीही प्रार्थना केली, कितीही चांगले वागलो, तरी देवाने आपल्याला दूर लोटले आहे. अन्न गोड लागेना, झोप येईना. सुमारे सहा आठवडे ही अवस्था टिकली आणि ते आजारी पडले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फ्रान्सिस यांच्या मनावर कोणत्याही एका विशिष्ट पापाचे ओझे नव्हते. अमुक दिवशी अमुक माणसाशी मी असा वागलो, असे बोट दाखवून सांगता येईल असे काही त्यांच्याजवळ नव्हते. होते ते केवळ भय. पापाचे नाव घेता येते, म्हणून त्याची कबुलीही देता येते. ज्या भयाला नावच नाही त्याची कबुली द्यायची तरी कशी? त्यामुळे ते भय आतल्या आत वाढत राहते.

अखेर एके दिवशी ते पॅरिसमधील सेंट एतिएन दे ग्रे या चर्चमध्ये गेले आणि पवित्र मरियेच्या मूर्तीसमोर गुडघे टेकले. तेथे त्यांनी एक निश्चय केला. अनंतकाळाचा निर्णय देवाच्या हाती आहे, तो त्याच्यावरच सोपवावा. पुढच्या जन्मी काहीही वाट्याला आले, तरी या आयुष्यात आपण देवावर प्रेम करावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. मग त्यांनी पवित्र मरियेकडे आश्रय मागणारी जुनी प्रार्थना म्हटली. ते उठले तेव्हा मनावरील ओझे गळून पडले होते. या घटनेनंतर देवाच्या दयेविषयी त्यांच्या मनात पुन्हा तसा संशय आला नाही. पुढे हजारो लोकांनी आपल्या पापांच्या कथा त्यांच्यापुढे मांडल्या. त्या ऐकणारे कान निराशा म्हणजे काय हे स्वतः जाणत होते.

पादुआ आणि रोजचा नियम

पॅरिसनंतर फ्रान्सिस इटलीतील पादुआ विद्यापीठात गेले आणि १५९१ साली त्यांनी कायद्याची सर्वोच्च पदवी मिळविली. तेथे जेज्विट धर्मगुरू आंतोनिओ पोसेव्हिनो हे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. याच काळात फ्रान्सिस यांनी स्वतःसाठी प्रार्थनेचे काही नियम लिहून काढले. त्यांतील एक नियम असा होता की, सकाळीच आजच्या दिवसाकडे नजर टाकावी. आज कोण भेटेल, कोणत्या प्रसंगी राग येईल, कोठे मोह होईल, हे आधीच ओळखावे आणि देवाची मदत मागावी. सकाळी दिवस असा पाहून ठेवला, म्हणजे रात्री त्याच दिवसाचा हिशेब घेणे सोपे जाते. शेतकरी पेरणीपूर्वी बांधावर उभा राहून शेत न्याहाळतो आणि संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारतो, तसाच हा क्रम होता.

पादुआत ते एकदा मरणाच्या दारात पोहोचले. आपण मरण पावल्यास आपला देह वैद्यकीय विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी द्यावा, अशी इच्छा त्यांनी तेव्हा व्यक्त केली. ते त्या दुखण्यातून बरे झाले. घरी परतल्यावर वडिलांनी त्यांच्यासाठी पद आणि वधू दोन्ही पाहून ठेवली होती. फ्रान्सिस यांनी नम्रपणे, पण ठामपणे धर्मगुरू होण्याची इच्छा सांगितली. १८ डिसेंबर १५९३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

शाब्लेची वाट

जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले प्रदेशातील लोक कॅथोलिक ख्रिस्तसभेपासून दूर गेले होते. १५९४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सिस आपले चुलतभाऊ लुई यांच्यासह तेथे गेले. सुरुवातीला त्यांना आलांजच्या किल्ल्यात मुक्काम करावा लागे. तेथून ते पायी थोनों गावात जात, मूठभर लोकांसमोर प्रवचन करीत आणि संध्याकाळी परतत. थंडी, बर्फ आणि शत्रुत्व यांना तोंड देत त्यांनी महिनोन्‌महिने काढले. ऐकायला फारसे कोणी येत नव्हते.

तेव्हा त्यांनी लेखणी हाती घेतली. श्रद्धेविषयीची लहान लहान पत्रके लिहून ते ती लोकांच्या दारांच्या फटींतून आत सरकवीत. जे प्रवचनाला येण्यास धजत नव्हते त्यांच्या घरात अशा रीतीने त्यांचा शब्द पोहोचला. काही वर्षांतच त्या प्रदेशातील बहुतेक लोक ख्रिस्तसभेत परतले. याच पत्रकांमुळे पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली त्यांना लेखक आणि पत्रकार यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

फ्रान्सिस हे मूळचे तापट स्वभावाचे होते. लोकांना दिसलेली त्यांची सौम्यता उपजत नव्हती. ती त्यांनी अनेक वर्षांच्या कष्टाने कमावली. शाब्लेच्या वाटेवर अपमान आणि अपयश पदोपदी भेटत होते. त्या काळात संताप गिळण्याचा सराव त्यांना रोज करावा लागला. म्हणूनच पुढे रागाविषयी त्यांनी जे लिहिले त्यात उपदेशकाचा आव नाही.

बिशप आणि आध्यात्मिक पिता

८ डिसेंबर १६०२ रोजी फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप झाले. पण जिनिव्हा नगर कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्यांना आयुष्यभर आनेसी येथे राहावे लागले. डोंगरदऱ्यांतील शेकडो धर्मग्रामांना त्यांनी भेटी दिल्या. ते स्वतः मुलांना धर्मशिक्षण देत आणि तासन्‌तास पापनिवेदन ऐकत. सरदार असो की मजूर, त्यांच्यापुढे गुडघे टेकणाऱ्याला सारखीच वागणूक मिळे.

१६०४ च्या प्रायश्चित्तकाळात दिजों येथे प्रवचने देत असताना त्यांची जोहाना दे शांताल या विधवेशी भेट झाली. १६०१ साली शिकारीच्या वेळी एका नातलगाच्या हातून चुकून गोळी सुटली आणि तिचे पती मरण पावले. पतीने मृत्युशय्येवर त्या माणसाला क्षमा केली, पण जोहानाला ते जमेना. शिवाय तिच्या आधीच्या मार्गदर्शकाने तिला इतक्या व्रतांनी आणि नियमांनी जखडून टाकले होते की, प्रार्थना ही तिला शिक्षा वाटू लागली होती.

फ्रान्सिस यांनी प्रथम तिला त्या जाचक बंधनांतून मुक्त केले. देवाच्या प्रेमाखातर जे करावयाचे ते करावे, धाकापोटी काहीही करू नये, हे त्यांनी तिला पुन्हा पुन्हा समजावले. त्या माणसाच्या बाबतीत त्यांनी घाई केली नाही. मुद्दाम त्याच्या भेटीला जाण्याची गरज नाही, पण समोर आलाच तर मन सौम्य ठेवावे, एवढेच त्यांनी सुचविले. मनातील कडवटपणा तिने लपवू नये आणि त्याच्यामुळे स्वतःला तुच्छही लेखू नये, तर तो आहे तसा देवापुढे ठेवावा, अशी त्यांची शिकवण होती. काळ गेला आणि पुढे जोहाना त्याच माणसाच्या बाळाची धर्ममाता झाली. ६ जून १६१० रोजी फ्रान्सिस आणि जोहाना यांनी आनेसी येथे मरियाभेट संघाची स्थापना केली. जोहानाही आज संतपदावर आहेत.

प्रापंचिकांसाठी ग्रंथ

श्रीमती दे शार्मोआझी या एका गृहिणीला फ्रान्सिस यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी काही टिपणे लिहून दिली होती. ती वाचून एका जेज्विट धर्मगुरूंनी ग्रंथ छापण्याचा आग्रह धरला. त्यातूनच १६०९ साली भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशात आला. फिलोथिया, म्हणजे देवावर प्रेम करणारी, अशा नावाच्या व्यक्तीला तो उद्देशून लिहिला आहे. भक्ती ही मठातील साधूंचीच मिरास नाही. सैनिक, कारागीर, संसारी स्त्री-पुरुष यांनाही आपापल्या परीने ती साधता येते, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे.

या ग्रंथात पापकबुलीला पहिल्यापासूनच स्थान आहे. पहिल्या भागात आत्म्याच्या शुद्धीसाठी दहा मनने दिली असून त्यानंतर संपूर्ण आयुष्याच्या पापनिवेदनाची तयारी सांगितली आहे. दुसऱ्या भागात रोजच्या प्रार्थनेचा क्रम येतो. तेथे रात्रीच्या आत्मपरीक्षणाची जी रीत सांगितली आहे, ती अगदी सोपी आहे. प्रथम, या दिवसात देवाने आपल्याला सांभाळले याबद्दल त्याचे आभार मानावेत. नंतर दिवसाचे तास एकेक करून आठवावेत. आपण कोठे होतो, कोणाबरोबर होतो, काय करीत होतो? हातून काही चांगले घडले असेल तर त्याबद्दल देवाला धन्यवाद द्यावेत. विचाराने, शब्दाने किंवा कृतीने काही वाईट घडले असेल तर क्षमा मागावी. पहिल्या संधीला प्रायश्चित्त संस्कारात ते पाप सांगण्याचा आणि वागणे सुधारण्याचा निश्चय करावा. शेवटी स्वतःला, कुटुंबियांना, मित्रांना आणि ख्रिस्तसभेला देवाच्या हाती सोपवून झोपी जावे.

या क्रमात आभार आधी येतात, कबुली नंतर येते आणि शेवटी देवावर भरवसा टाकला जातो. जो केवळ दोष मोजतो त्याला देवाची कृपा दिसत नाही. आणि कृपा दिसली नाही, तर दोष सांगण्याचे धैर्य येणार कोठून?

पापनिवेदनाविषयी लिहिताना त्यांनी मोघमपणाविरुद्ध इशारा दिला आहे. मी देवावर पुरेसे प्रेम केले नाही, मी नीट प्रार्थना केली नाही, अशी विधाने कोणीही, केव्हाही करू शकतो. साधुसंतांनाही ती लागू पडतात. त्यांतून आपल्या आत्म्याची स्थिती कळत नाही. शेजाऱ्यावर प्रेम केले नाही, असे म्हणण्यापूर्वी ज्या गरजू माणसाला मदत करणे शक्य असूनही आपण पाठ फिरवली तो माणूस आठवावा. ती पाठ निष्काळजीपणाने फिरवली की मनातील अढीमुळे, हेही पाहावे. कृतीबरोबर तिचे कारण ओळखले तर सुधारणेची दिशा सापडते.

तिसऱ्या भागात एक लहानसे प्रकरण आहे. स्वतःशी सौम्य कसे वागावे, हा त्याचा विषय आहे. काही माणसे रागावतात, मग रागावलो म्हणून स्वतःवर रागावतात, आणि त्या रागाचाही त्यांना राग येतो. अशा रीतीने एका पापातून मनस्तापाची साखळीच तयार होते. संत फ्रान्सिस यांच्या मते या मनस्तापाच्या मुळाशी अनेकदा अहंकार असतो. आपण परिपूर्ण नाही हे पाहून आपला अभिमान दुखावतो. देवाला दुखावल्याचे दुःख वेगळे असते. ते शांत, खोल आणि टिकाऊ असते. लेकराला संतापाने झोडपणाऱ्या बापापेक्षा प्रेमाने समजावणारा बाप त्याला लवकर सुधारतो. आपल्या चुकलेल्या हृदयाशी आपणही त्या दुसऱ्या बापासारखे वागावे, असे त्यांचे सांगणे आहे.

एकांतातील ही कबुली प्रायश्चित्त संस्काराची जागा घेते असे त्यांनी कधीही मानले नाही. शक्य असल्यास दर आठवड्याला पापनिवेदन करावे, असा त्यांचा सल्ला होता. धर्मगुरू दररोज पोहोचू शकत नाहीत अशा आपल्या वाड्यावस्त्यांवर या दोहोंचे नाते विशेष महत्त्वाचे ठरते. जो रोज रात्री देवापुढे मन उघडतो त्याला धर्मगुरू आल्यावर काय सांगावे हा प्रश्न पडत नाही.

अंतिम दिवस

१६१६ साली ईश्वरप्रेमावरील त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अखंड श्रमाने त्यांचे शरीर थकले होते. १६२२ च्या अखेरीस ते लियों नगरीत गेले. तेथे मोठमोठ्या घरांची निमंत्रणे नाकारून ते मरियाभेट संघाच्या मठातील माळ्याच्या खोलीत राहिले. नाताळचे विधी पार पडल्यावर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २८ डिसेंबर १६२२ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांचे पार्थिव पुढे आनेसी येथे नेण्यात आले. १६६५ साली पोप अलेक्झांडर सातवे यांनी त्यांना संत घोषित केले आणि १८७७ साली पोप पायस नववे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी दिली. डॉन बॉस्को यांनी आपल्या संघाला त्यांचेच नाव दिले. त्यांच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली तेव्हा, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले.

वऱ्हाडासाठी संदेश

आता आपल्याकडे वळू या. गेली अनेक वर्षे वऱ्हाडातील कापूस-उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वाचत आहोत. घरभेटींना गेल्यावर धर्मगुरूला अनेकदा एक प्रश्न ऐकावा लागतो. पाऊस दडी मारून बसला, बोंडअळीने पीक नेले, सावकार दारात उभा आहे. आमच्या हातून असे कोणते पाप घडले? हा प्रश्न विचारणारा माणूस पॅरिसमधील तरुण फ्रान्सिससारखाच असतो. त्याच्या मनावर निनावी अपराधाचे ओझे असते.

अशा वेळी नेमकी पापकबुली औषधाचे काम करते. रात्री देवापुढे बसून दिवसाचे तास आठवावेत. पत्नीला टोचून बोललो, हे पाप आहे. ते नाव घेऊन सांगावे. दारू पिऊन घरी आलो, मजुराची मजुरी अडवून ठेवली, भावाशी बांधावरून भांडलो, हेही सांगावे. पण पाऊस पडला नाही, हे पाप नव्हे. भाव पडला, हेही नव्हे. प्रामाणिकपणे घेतलेले कर्ज फेडता येत नाही, यात दुःख आहे, चिंता आहे, पण ते पाप नाही. जे आपले आहे ते नाव घेऊन देवापुढे ठेवले, म्हणजे जे आपले नाही ते आपोआप वेगळे होते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत संत मत्तय यांनी अपराधांसाठी मूळ ग्रीक भाषेत कर्ज या अर्थाचा शब्द वापरला आहे. देव कर्जमाफी करणारा पिता आहे. तो वसुलीसाठी दारात उभा नाही.

ज्या घरांनी आपला माणूस अशा रीतीने गमावला आहे त्यांनीही ध्यानात ठेवावे की, ख्रिस्तसभा त्यांच्या तारणाची आशा सोडत नाही. तीव्र मनोयातनांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, असे ती शिकविते आणि अशा मृतांसाठी प्रार्थना करते. आणि ज्याच्या मनात आज अंधार दाटला आहे त्याने रात्र एकट्याने काढू नये. घरच्यांना, मित्राला, धर्मगुरूला, डॉक्टरांना सांगावे. संत फ्रान्सिस यांच्या घुसमटीलाही सहा आठवड्यांनंतर वाट मिळाली होती.

या सणाच्या निमित्ताने आपण आपापल्या घरी एक लहानसा आरंभ करू या. रात्रीच्या प्रार्थनेत पाच मिनिटे शांत बसावे. एका कृपेबद्दल आभार मानावेत. एका पापाचे नाव घ्यावे. उद्यासाठी एक छोटा निश्चय करावा. मग स्वतःला त्रास न देता, देवाच्या हाती सारे सोपवून झोपावे. उद्या पुन्हा चुकलो, तर उद्या रात्री पुन्हा यावे. दार उघडेच असते.

संत फ्रान्सिस डी सेल्स, आमच्यासाठी विनंती करा.